तीनतीनने मागे

डॉक्टर पॅस्को अंगठा चाटून पान उलटायचे. मग तोच ओला अंगठा माझ्या भावाच्या खांद्यावर ठेवून म्हणायचे, "काय व्हर्न, कसे आहात?" माणूस वाईट नव्हता. आवाज तर असा मऊ, की ऐकणाऱ्याला डुलकी लागावी. पण त्या अंगठ्याची मला किळस यायची, आणि दर गुरुवारी मला तो पाहावा लागायचा.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं आमच्या सिग्नेट गावाहून बसने होबार्ट शहरात, डॉक्टरांच्या विद्यापीठात जायचो. वाटेत सफरचंदांच्या बागा उपटायला काढलेल्या. इंग्लंडने आमची फळं घ्यायचं थांबवलं, तेव्हापासून सरकारच लोकांना झाडं काढून टाका म्हणत होतं. मुळं वर करून पडलेली झाडं दिसली की व्हर्न खिडकीला नाक लावायचा.

"अगं मर्ल! हे कुणी केलं? डोकं फिरलंय का लोकांचं?"

मी सांगायचे. पुढच्या वळणावर दुसरी बाग.

"अगं मर्ल! हे कुणी केलं?"

बसमधली मंडळी आधी हसायची, मग दुसऱ्या बाजूच्या खिडकीबाहेर पाहायची. मी तितक्याच वेळा सांगायचे, आवाज न चढवता. आयुष्यात मी दुसरं काही कमावलं असेल नसेल, आवाज न चढवणं मात्र कमावलं.

व्हर्न माझ्याहून धाकटा. मेंदूज्वरातून उठला तेव्हा अंगात ताकद होती, भूक होती, टवाळी होती. आई कुठल्या खोलीत वारली, तो कामाला होता त्या सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये कोण कुणाच्या मागे होतं, फुटबॉलचा कुठला सामना कुणाच्या पायाने घालवला, सगळं जागच्या जागी. फक्त तापानंतरचं काही राहत नव्हतं. चहा पिऊन कप खाली ठेवला की, "चहा टाकतेस का गं? सकाळपासून घोटभर नाही मिळाला."

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर दोन चौकोन काढले. डावीकडे छोटा, उजवीकडे मोठा, मध्ये बाण. बाहेरून आलेलं आधी छोट्या चौकोनात येतं. तिथे जागा थोडी, पाच-सात गोष्टींपुरती. घोकत राहिलं तर टिकतं, नाही तर काही क्षणांत विरून जातं. आणि बाणावरून मोठ्या चौकोनात सरकलं तर जन्मभराचं झालं.

"तुमच्या भावाचे दोन्ही चौकोन शाबूत आहेत, मर्ल," ते बाणावर खडू आपटत म्हणाले. "त्याची अल्पकालीन स्मृती माझ्याइतकीच धड आहे. फक्त हा बाण तुटलाय. किती सुंदर!"

सुंदर म्हणाले. मी खुर्चीचं रेक्झिन नखाने टोकरत बसले. त्या तळघरातल्या खोलीला उकडलेल्या अंड्यांचा आणि फरशीच्या पॉलिशचा वास यायचा. एका भिंतीला मोठा आरसा, आरशामागे विद्यार्थी. पलीकडून माणसं बघतात हे मी व्हर्नला दर गुरुवारी सांगायचे, आणि दर गुरुवारी तो भांग सारखा करून आरशाला डोळा मारायचा. आरशातून दबकं हसू यायचं. मला ते हसू मानेवर चिकटल्यासारखं वाटायचं, घरी जाऊन धुवावंसं.

मग मी वाचनालयातून याच विषयाची पुस्तकं आणली आणि मांडीवर शब्दकोश घेऊन वाचली. लोक कुतूहलाने वाचतात, मी रागाने वाचलं; रागानेही डोक्यात शिरतं. शेवटी मला ते सिंकपाशी उभं असताना कळलं. छोटी स्मृती म्हणजे सिंकशेजारची भांडी निथळायची जाळी. धुतलेला कप तिथे ठेवायचा. पुसून कपाटात गेला तर गेला, नाही तर पुढची भांडी येतात आणि त्याला काठावरून ढकलून देतात. व्हर्नच्या कपाटाचं दार तापात फुगून बसलं होतं. सगळं जग त्या जाळीवर, आणि मागून ओली भांडी येतच आहेत.

डॉक्टरांचा खेळ असा. तीन अक्षरं सांगायची आणि लगेच एक तीन आकडी संख्या. संख्या ऐकली की तिच्यातून तीन-तीन वजा करत मोठ्याने मागे यायचं, टेबलावरच्या टकटक करणाऱ्या यंत्राच्या तालावर. मग थांबवून विचारायचं, अक्षरं कोणती होती? मोजायला लावायचं ते एवढ्यासाठी, की मनाला घोकायला जागा मिळू नये. धडधाकट विद्यार्थीही पाव मिनिटात अक्षरं हरवून बसायचे. व्हर्नची तर अक्षरं सांगितली होती हीच गोष्ट हरवायची.

पण मोजायला लावलं नाही, तर व्हर्न ती अक्षरं ओठांवर घोळवत बसायचा, तासभर म्हणाल तर तासभर. शेडमध्ये तो फळांच्या मापाचे आकडे असेच तोंडात धरून ठेवायचा, पेटीवर छाप मारेपर्यंत. मध्ये कुणी बोललं तर हात वर करायचा. तो हात इथेही वर व्हायचा.

या खोलीत आपण कधी पाऊल टाकलं नाही असं तो दर वेळी शपथेवर सांगायचा. पण तीन आकडी संख्या कानावर पडली की तोंड आपोआप मागे चालायला लागायचं. एकदा बसमध्ये मागच्या बाई कुणाला तरी घराचा नंबर सांगत होत्या, तर हा सुरू, पार किंग्स्टनचा थांबा येईपर्यंत.

"हे मला कुणी शिकवलं गं?"

"शाळेत."

"त्या मास्तरला बडवला पाहिजे."

तुम्ही म्हणाल, एवढी किळस येत होती तर जायचं कशाला? व्हर्नसाठी. घरात त्याचं सगळं चुकायचं. चूल बंद केली का, दार लावलं का, जेवलास का. त्या खोलीत त्याला सात आकडे सांगितले की तो सातही परत म्हणायचा आणि डॉक्टर म्हणायचे, "शाबास, व्हर्न!" त्याचा चेहरा उजळायचा. वर नारळ लावलेला चॉकलेटचा केक मिळायचा. त्या एका 'शाबास'साठी मी अंगठा सहन केला.

आता नोरीनचं.

नोरीन व्हर्नची बायको. त्याच्या आजारपणानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ती कपडे वाळत घालताना गेली. हृदय. व्हर्न शेजारी चिमटे घेऊन उभा होता. मी धावत पोचले तेव्हा तिच्यापाशी गुडघे टेकून रडत होता. रुग्णवाहिकेच्या लोकांनी त्याला स्वयंपाकघरात नेलं, पाणी दिलं, आणि पाणी पिऊन तो मला म्हणाला, "नोरीनने चादरी अर्ध्याच का टाकल्यात? गेली कुठे ही?"

मी सांगितलं. नुसतं सांगितलं, दुसरं काय करणार. तो टेबलाला धरून खाली बसला.

अंत्यविधीनंतर हॉलमध्ये चहा आणि सँडविच होते. व्हर्न हातात बशी घेऊन मला म्हणाला, "सगळे काळ्या कपड्यांत? कोण गेलं गं?" शेजारी पाद्री उभे होते. "नोरीन," ते म्हणाले, "तुझी नोरीन, व्हर्न." बशी पडली. जरा वेळाने त्याने पुन्हा विचारलं, पाद्रींनी पुन्हा सांगितलं. नंतर आणखी एकदा. खोटं बोलायचं नाही म्हणून. त्या दिवसापासून मला खरं बोलणाऱ्या माणसांचीही शिसारी बसली.

मग मी ठरवलं. नोरीन लॉन्सेस्टनला बहिणीकडे गेली आहे.

"परत कधी येते?"

"उद्यापरवा."

"तिच्या बहिणीचं तोंड सुरू झालं की बंद होत नाही. बिचारी अडकली असेल." आणि हसायचा. दिवसातून कितीदा तरी नोरीन लॉन्सेस्टनला जायची, आणि प्रत्येक वेळी तो तितक्याच मायेने तिच्या बहिणीला शिव्या द्यायचा. आमचं बरं चाललं होतं.

पुढच्या वर्षी शिशिरात, एका गुरुवारी, डॉक्टरांनी मला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं. हातात क्रीमचा बन होता.

"मर्ल, अक्षरं आणि आकडे फार झाले," ते म्हणाले. "त्यांना अर्थ नसतो. प्रश्न असा आहे, की ज्या गोष्टीत जीव गुंतलाय अशी गोष्ट व्हर्न छोट्या चौकोनात किती वेळ धरून ठेवेल? आणि तिचा काही अंश तरी पलीकडे जाईल का?"

"कुठली गोष्ट?"

ते बनकडे पाहत राहिले. मिशीला क्रीम लागलं होतं. मला कळलं.

"नाही," मी म्हटलं.

"तो विसरेलच, मर्ल."

"म्हणूनच नाही."

"काही मिनिटांचा त्रास..."

"दर वेळी पहिल्यांदाचा, डॉक्टर. तुम्हाला तुमची बायको गेल्याचं कुणी पहिल्यांदा किती वेळा सांगितलेलं चालेल?"

त्यांनी रुमाल काढला, मिशी पुसली. "तुमच्या भावना मी समजू शकतो," ते म्हणाले. "विषय संपला. व्हर्नला सांगणार नाही." आणि बनचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. एवढ्या मऊ आवाजाचा माणूस खोटं कसं बोलेल, असं काहीसं वाटलं असावं.

पुढे काही आठवडे अक्षरं आणि आकडेच चालले. मग एक गुरुवार असा आला की चहाचं दूध संपलं होतं.

"मर्ल, तुम्हीच वरच्या कँटीनमधून आणाल का?" डॉक्टर म्हणाले. "मी व्हर्नशी जरा गप्पा मारतो."

"जा गं," व्हर्न म्हणाला. "आणि केक बघ आहे का. इथे काही खायला देतील असं दिसत नाही." त्याच्या बाहीवर आत्ताच खाल्लेल्या केकचा नारळ होता.

कँटीनमध्ये रांग होती. मी दुधाचा जग घेऊन खाली आले, दार उघडलं, आणि पहिल्यांदा शांतताच ऐकू आली. टकटक यंत्र बंद होतं. व्हर्न खुर्चीत पुढे वाकून बसला होता, दोन्ही मुठी गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. ओठ हलत होते. मला वाटलं, अक्षरं आहेत.

"नोरीन गेली," तो म्हणत होता. "नोरीन गेली. कपडे वाळत घालताना. नोरीन गेली. कपडे वाळत घालताना."

गाल ओले, हनुवटी ओली, शर्टाची कॉलर ओली. डॉक्टर शेजारी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बसले होते. मला पाहून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"तुम्ही गेल्यापासून," ते कुजबुजले. "सोडतच नाहीये. असं कधी कुणी पाहिलं नसेल."

मी पाऊल पुढे टाकलं.

"व्हर्न," मी म्हटलं.

त्याचा हात वर झाला. शेडमधला हात. थांब, मध्ये बोलू नको, तोंडात काहीतरी आहे.

"व्हर्न, घरी जाऊ या."

"मर्ल, बोलू नको." त्याने डोळे उघडले नाहीत. "नोरीन गेली. कपडे वाळत घालताना. मर्ल, मला हे धरून ठेवू दे. माझ्या हातून सगळं निसटतं, ठाऊक आहे मला. ही नोरीन आहे. हिला नाही सोडणार. नोरीन गेली. कपडे..."

तापानंतर इतक्या वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता. आपल्या हातून सगळं निसटतं हे त्याला ठाऊक आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

आरशामागे कुणीतरी खोकलं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "थांबवा हे."

"मी कुठे करतोय? तोच करतोय. आपण काही न बोलता बसलो, तर किती वेळ..."

व्हर्नचा घसा बसला होता. शब्द आता फाटून येत होते, तरी तो म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी म्हणताना त्याचा चेहरा पहिल्यांदा ऐकल्यासारखा आत ओढला जायचा. त्याने बायकोला जाळीवर दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, कपाट बंद, आणि सोडलं तर ती काठावरून खाली. संध्याकाळपर्यंत धरली असती त्याने. रात्रभर धरली असती. झोपेत सुटली असती आणि सकाळी त्याने विचारलं असतं, नोरीन कुठाय? त्याचं दुःख त्याचं होतं. ते माझं नव्हतं, डॉक्टरांचं तर नव्हतंच. पण तिथे, त्या अंड्यांच्या वासात, आरशासमोर ते त्याने किती वेळ धरायचं, आणि कुणी बघायचं?

मी जग हातात धरून त्याच्यासमोर वाकले आणि डॉक्टरांच्या आवाजात, त्या मऊ, गोड आवाजात म्हटलं, "पाचशे ब्याऐंशी."

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मी काय करतेय हे त्याला कळलं होतं का, ठाऊक नाही. मान हलवून नाही म्हणाला, पण तोंड केव्हाच चालू लागलं होतं.

"पाचशे एकोणऐंशी. पाचशे शहात्तर. नोरीन... पाचशे त्र्याहत्तर. पाचशे सत्तर. पाचशे सदुसष्ट."

मुठी सुटल्या. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. पाचशेच्या खाली येईपर्यंत तो खुर्चीत मागे टेकला होता. मग थांबला, इकडेतिकडे पाहिलं.

"ही कुठली खोली? अंडी उकडलीत का कुणी?" त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "दूध घेऊन काय उभी आहेस? चहा कुठाय?"

"आहे."

"नोरीनला पण टाक."

"नोरीन लॉन्सेस्टनला गेलीय."

"बहिणीकडे? मग झालं." तो हसला. "ती बाई बोलायला लागली की..."

डॉक्टरांनी घड्याळावरून नजर काढली. अंगठा चाटला, पान उलटलं, काहीतरी लिहिलं.

"थँक यू, मर्ल," ते म्हणाले, मनापासून म्हणाले. "शेवटी व्यत्यय आणायचाच होता आम्हाला. मी आणला असता तर कदाचित त्याने जुमानला नसता. तुम्ही फार सुंदर आणलात."

आज वाटतं, तो जग त्यांच्या टेबलावर ओतायला हवा होता. मी व्हर्नच्या चहात दूध घातलं, कारण तो चहा मागत होता. त्याने चहा प्यायला, मी त्याला कोट चढवला, आणि आम्ही निघालो. पॅसेजमध्ये आरशामागचे विद्यार्थी बाहेर पडत होते. माझ्याकडे आदराने पाहत होते. तो आदर मला अजून सहन होत नाही.

बसमध्ये व्हर्नने कॉलरला हात लावला. "ओली कशी?"

"चहा सांडलास."

"म्हातारा झालो गं." बागा आल्या, उपटलेली झाडं आली. त्याने नाक खिडकीला लावलं, पण विचारलं नाही कुणी केलं म्हणून. एकदाही नाही. मी वाट पाहत होते.

घरी मी मटणाच्या चापा तळल्या, बटाटे उकडले. व्हर्नने ताट पुढे ओढलं आणि तसंच ठेवलं. एरवी सपाटून भूक असणारा माणूस, काटा हातात घेऊन बसून राहिला.

"चापा कडक झाल्यात का?" मी विचारलं.

"चापा चांगल्यात." त्याने छातीवर हात ठेवला. "इथे काहीतरी बसलंय."

"वारा लागला असेल."

"वारा नाही. मर्ल, कोणी गेलंय का गं?"

मी बटाट्यावर मीठ घातलं. मघाशी घातलंच होतं, पुन्हा घातलं.

"असं वाटतंय की कोणीतरी गेलंय," तो म्हणाला, "आणि मी कामाच्या गडबडीत विसरलोय. कोण, ते सांग. लाज वाटते मला. कोण गेलं?"

म्हणजे नाव पडलं होतं, वजन नव्हतं पडलं. मी मोजायला लावून नाव पुसलं आणि वजन त्याच्या छातीवर ठेवून दिलं, बिननावाचं. डॉक्टरांना हवं होतं ते हेच, पलीकडे गेलेला अंश. त्यांना मी कधीच कळवलं नाही. त्यांचं पत्र आलं, दुसरं आलं. मी त्यांत चापांची हाडं गुंडाळून टाकली. गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो नाही. त्याच्या 'शाबास'ची सोय मी घरीच केली. सफरचंदं आणि जुनं वर्तमानपत्र दिलं की तो अजूनही सरळ ओळीत गुंडाळून ठेवतो, एकाही फळाला डाग न लावता.

पण त्या संध्याकाळी तो माझ्याकडे पाहत होता आणि मला उत्तर द्यायचं होतं. लॉन्सेस्टन त्या वजनाला पुरणार नव्हतं.

"आई," मी म्हटलं. "आई गेली, व्हर्न."

तो थोडा वेळ शोधत राहिला, आणि मग त्याला ती सापडली, जिथे ती कायम असते तिथे.

"हो," तो म्हणाला. "आई. मागच्या खोलीत. तुझा हात हातात होता तिच्या. मी लाकडं आणायला गेलो होतो." आणि तो रडला, मोठ्याने, लहानपणी रडायचा तसा, घाईने काही धरून न ठेवता. हे दुःख सुटणार नव्हतं, त्यामुळे त्याला घोकायचं नव्हतं. मी उठून त्याच्या मागे उभी राहिले आणि त्याचं डोकं पोटाशी धरलं. मीही रडले. आईसाठी, असं समजा.

रडून झाल्यावर त्याने नाक पुसलं आणि चापेचा तुकडा कापला.

"तिच्या ॲपल पायची कड ओव्हनमध्ये दर वेळी जळायची," तो घास चावत म्हणाला. "आणि नोरीन तीच कड मागून घ्यायची. फार जीव होता दोघींचा." मग काटा थांबला. "नोरीनला कळवलं का गं कुणी?"

"कळवलंय."

"मग येईल ती आता. थांबायची नाही तिथे."

"येईल," मी म्हटलं, आणि त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.